शेरा

अर्जावर तीनच चौकोन: सोपी, मध्यम, अवघड.
खाली शेऱ्यासाठी एक रेघ, बोटभर लांबीची.

चोपड्याच्या पंक्चरवाल्या भास्कर आप्पाने
आधी टायर दाबून पाहिला, मग डोंगराकडे पाहिलं.
"तठे तू सायकल चालाडत नई, माय,
सायकल तुले चालाडस."
थोडी हवा कमी केली. पैसे घेतले नाहीत.

चिंचपाणीच्या पाड्यापासून निघाले, झुंजूमुंजू असताना.
पहिला दीड किलोमीटर मुरूम, गाडीच्या दोन चाकोऱ्या,
मधे वाळलेलं कुसळी गवत. इथे कुणीही चालवेल,
माझा भाचासुद्धा, जो अजून
वळताना जीभ बाहेर काढतो.

मग सागाचं रान.
सागाचं पान वाळलं की ताटाएवढं पापड होतं,
नुसतं वाजतं; खाली काय आहे ते सांगत नाही.
उतरले. काठीने पानं बाजूला सारली.
मुठीएवढा दगड चाकाखालून निसटतो,
नारळाएवढा चाकाला अडवतो,
यांच्या मधला जो असतो ना, तो फसवतो.
त्यानेच दोन वर्षांपूर्वी माझी हासळी मोडली,
पालच्या बाजूला, अगदी हळू जाताना.
तेव्हापासून मी वाटेला वेगाचं काही विचारत नाही.
थांबू देशील का, एवढंच विचारते.

तिसऱ्या वळणावर काळा कातळ,
पाण्याने पायऱ्या पाडलेला.
टेप लावायला जागा नव्हती, हातानेच मोजलं:
वीत, वीत, दीड वीत, मग एकदम गुडघाभर.
त्याच्यापुढे चाक टेकून सरळ व्हायला साडेतीन हात.
पुरतात.
डावीकडे दरी, उजवीकडे करवंदीची जाळी.
'पडायचंच तर उजवीकडे' असं लिहिलं
आणि खोडलं. नोंदीत सल्ले नकोत,
मंडळाचे सचिव म्हणाले होते, जळगावात, पंख्याखाली.
पुन्हा लिहिलं.

कोरड्या नाल्यानंतरचा चढ तीनदा चढले,
तीनदा मागचं चाक जागच्या जागी गरगरलं.
चौथ्यांदा नाक हँडलला टेकेपर्यंत वाकले.
वर एक शेळी उभी होती.
तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आणि तिथून पुढे, कसं सांगू,
ऐंशी पावलं अशी वाट की हात आपोआप ब्रेकवरून सुटावा.
सपाट. एक खडा नाही, एक काटकी नाही.
सगळ्या डोंगरात सायकलीला सगळ्यात चांगला तुकडा.
मनात मी चौकोनात खूण करूनही टाकली होती.

तेवढ्यात फूल पडलं. मग दुसरं.
वर सात मोह.
खाली रेलीबाई पावरा आणि तिची लेक, दोन टोपल्या,
आणि झाडून ठेवलेली जमीन, फुलांना माती लागू नये म्हणून.

"किती येतील?" तिने विचारलं.
चाळीस, मी म्हणाले.
"म्हणजे ऐंशी चाकं."
ती वेचत राहिली. बोटं थांबली नाहीत.
"मोह पंधरा-वीस दिवसच पडतो," लेक म्हणाली,
माझ्याकडे न बघता, जणू झाडालाच आठवण करून देत.

मी सायकल उचलून कडेने नेली.
खांदा जुन्या जागी दुखला.

घाट उतरून खाली आल्यावर अर्ज भरला.
अवघड, होय. पण जमेल, सराव असेल त्याला;
पहिल्यांदा येणाऱ्याने कातळ पायी उतरावा.
शेऱ्याच्या रेघेवर लिहिलं:
सात मोहांखाली चालवू नका, उचलून न्या,
आणि फुलं पडतात तेव्हा येऊच नका.
रेघ पुरली नाही. अक्षरं समासात चढली,
तिथून वळून कागदाच्या मागे गेली.
सचिव विचारतील, हा कुठला निकष.

रात्री भुसावळला सायकल जिन्याखाली लावली.
सकाळी पाहिलं तर
मागच्या टायरच्या खाचेत काहीतरी पिवळट चिकटलेलं,
आणि उंबऱ्यापासून तिथपर्यंत
मुंग्यांनी आपली वाट आखलेली.